रिपोर्ट नॉर्मल आहेत

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यावरच्या घरात ते खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकलं होतं. ओसरल्यावर परत आलो, तर स्वयंपाकघरात घोटाभर गाळ, आडवा पडलेला फ्रीज आणि भिंतीवर पाण्यानं ओढलेली काळी रेघ. नऊ दिवस आम्ही फावड्यानं गाळ ओढला, भांडी घासली, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर नेऊन टाकल्या. अंग आंबून गेलं. त्यात विशेष काही नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येकीचं आंबलं होतं. मग गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी आली. बाकीच्यांची अंगं मोकळी झाली. माझं झालं नाही.

मी एका बँकेत अधिकारी आहे. तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. घरात नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याचं वर्कशॉप पुरात गेलं होतं, ते पुन्हा उभं करायचं चाललं होतं. म्हणजे आजारी पडायला सवड असलेलं घर नव्हतं.

दुखण्याला जागा नव्हती, ही पहिली अडचण. सोमवारी मान, बुधवारी दोन्ही खांदे, शनिवारी मांड्या आणि टाचा. सकाळी उठताना रात्रभर कुणी बडवल्यासारखं व्हायचं. झोप सात तासांची, पण झोपून उठल्याचं समाधान नाही. सासूबाईंना वीस वर्षांचा संधिवात. हाताची बोटं वाकडी झालेली, गुडघे सुजलेले. त्या म्हणाल्या, "काल गुडघा होता, आज खांदा. तुझं दुखणं भाड्याच्या घरात राहतं होय गं?" तेव्हा मला राग आला. आता वाटतं, या आजाराचं इतकं नेमकं वर्णन मला पुढं कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

मिरज जवळ असल्यामुळं डॉक्टरांची वाण नव्हती. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, एएनए, थायरॉइड, मानेचा एक्स-रे, कमरेचा एमआरआय. ड जीवनसत्त्व कमी निघालं तेव्हा घरात जवळजवळ आनंद झाला. त्याच्या पुड्या घेतल्या, ते वाढलं, दुखणं होतं तिथंच राहिलं. एका डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला, दुसऱ्यांनी कमरेला. तिसऱ्यांनी फाइल बंद करून माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. यांना जरा फिरवून आणा." बाहेर पार्किंगमध्ये नवरा म्हणाला, "चला, बरं झालं, काही नाही निघालं." तो मनापासून म्हणाला होता. मी गाडीत बसून रडले, आणि का रडतेय हे त्याला सांगता येईना. काहीतरी निघायला हवं होतं, असं कोण म्हणेल?

अडीच वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, पुण्यातल्या एका संधिवाततज्ज्ञांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि एक नाव दिलं: फायब्रोमायाल्जिया. नाव मिळाल्यावर मी वाचायला लागले. बँकेत एखादं कर्जखातं थकलं, की त्याची मूळ कागदपत्रं काढून बघायची सवय असते. तशीच ही बघितली.

या आजाराच्या कागदपत्रांत पहिलीच नोंद चुकीची आहे. १९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश चेतारोगतज्ज्ञानं कंबरदुखीवरच्या व्याख्यानात 'फायब्रोसायटिस' हा शब्द काढला. स्नायूंमधल्या तंतूंना दाह होत असावा, अशी त्याची कल्पना. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी अशा रुग्णांच्या ऊतींत दाह दिसल्याचं लिहिलंही. पुढच्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो शोधला आणि त्यांना तो सापडला नाही. तरी नाव सत्तर वर्षं चाललं. १९७६ मध्ये फिलिप हेंच यांनी 'फायब्रोमायाल्जिया' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ फक्त तंतू आणि स्नायूंचं दुखणं, दाहाचा दावा नाही. नाव बदलणं ही प्रामाणिक कबुली होती. जिथं दुखतं तिथं काही बिघडलेलं दिसत नाही, पण दुखतं.

मग निदान करायचं कशावरून? १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं निकष ठरवले. तीन महिन्यांहून अधिक काळ शरीरभर दुखणं, आणि ठरलेल्या १८ जागांपैकी ११ जागी सुमारे चार किलोच्या दाबानं वेदना. दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका हा दाब. २०१० मध्ये या जागा दाबून बघणं सोडून दिलं गेलं. त्याऐवजी शरीराचे १९ भाग, त्यांतले किती दुखतात, आणि थकवा, न भागलेली झोप व विसराळूपणा किती, हे रुग्णालाच विचारायचं ठरलं. १९९०च्या निकषांच्या समितीचे प्रमुख फ्रेडरिक वुल्फ यांनीच पुढं या निदानाबद्दल जाहीर शंका व्यक्त केल्या. त्यांचे लेख मी भीत भीत वाचले. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, पण त्यांचा राग आला नाही. मोजता न येणाऱ्या गोष्टीवर सही करताना हात अडखळतो, हे मला नोकरीमुळं कळतं. एक मात्र खरं. २०१० नंतर या आजाराचा मुख्य पुरावा म्हणजे आजारी माणसाचं बोलणं. रक्त काही सांगत नाही, एक्स-रे काही सांगत नाही. इतर आजार नाहीत ना हे बघायला तपासण्या हव्यातच. थायरॉइड मंदावलं तरी अंग असंच दुखतं. पण शेवटचा शब्द रुग्णाचा. आणि आपल्याकडे बाईनं 'अंग दुखतंय' म्हटलं तर त्या वाक्याला पुरावा मानायची पद्धत नाही. ते वाक्य घरात पंख्याच्या आवाजासारखं असतं.

'मग हे मनाचंच की!' असं इथं कुणीही म्हणेल. मला ते एका भाचीनं लग्नाच्या पंगतीत म्हटलं. तिला तेव्हा देता न आलेलं उत्तर असं.

शरीरात दुखतं ते तीन तऱ्हांनी. बोट कापलं, गुडघा झिजला, म्हणजे ऊतीला इजा झाली, की तिथून मज्जारज्जूमार्गे मेंदूला निरोप जातो. ही एक. मधुमेहात पायांच्या नसाच खराब होतात आणि चुकीचे निरोप पाठवतात, ही दुसरी. तिसरीत इजाही नसते, नसही खराब नसते, पण निरोप पोचवणारी आणि त्यांची छाननी करणारी यंत्रणा बिघडलेली असते. १९८३ मध्ये लंडनमध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशी इतक्या उत्तेजित होऊन बसतात की साध्या स्पर्शालाही त्या वेदनेसारखा प्रतिसाद देतात. २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली आणि डॅनियल क्लॉ यांच्या गटानं फायब्रोमायाल्जियाच्या १६ रुग्णांच्या आणि १६ निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. निरोग्यांना पुष्कळ जास्त दाब दिल्यावर जितकं दुखलं, तितकं रुग्णांना कमी दाबानं दुखलं, आणि मेंदूतले बरेचसे तेच भाग जागे झाले. म्हणजे माणूस वेदना वाढवून सांगत नव्हता. त्याच्या मेंदूत ती तेवढीच पोचत होती. याउलट, मेंदूकडून खाली मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे जे निरोप जातात, ते या आजारात कमजोर असतात.

डॉक्टरांनी मला रेडिओच्या आवाजाच्या बटणाची उपमा दिली होती. मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली सतार जास्त जवळची वाटते. वर मुख्य तार छेडली, की खालच्या तरफेच्या तारा, ज्यांना कुणी हात लावलेला नसतो, आपोआप झणझणतात. सतारीत ते हवंच असतं. माझ्या अंगात तरफा कुणीतरी फार ताणून ठेवल्या आहेत. दाराची कडी आदळली, कुकरची शिट्टी झाली, नवीन ब्लाउजचा काठ दंडाला घासला, तरी त्या वाजतात.

२०१७ मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं या तिसऱ्या तऱ्हेला अधिकृत संज्ञा दिली, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत दीर्घकालीन वेदना हाच स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला. तिच्यामागं दुसरा आजार दाखवायची सक्ती राहिली नाही. संशोधन इथंच थांबलेलं नाही. २०२१ मध्ये रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचल्यावर त्यांनाही वेदना जास्त जाणवू लागल्याचा प्रयोग लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून प्रसिद्ध झाला. रोगप्रतिकारक यंत्रणेचा यात हात असेल, तर पुढं कधी रक्ततपासणीही निघेल. मी त्याची वाट बघत बसलेली नाही, पण बातमी कापून ठेवली आहे.

आपल्याकडचंही एक काम सांगायला हवं. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांना विचारलं, कुठं दुखतंय? सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांधे-स्नायूंचं दुखणं सांगितलं. त्यांतला खरा आमवात फार थोड्यांना. बहुतेकांचं दुखणं सांध्यांची झीज, स्नायू-कंडरांच्या तक्रारी किंवा कुठल्याच नावात नीट न बसणारं. हे लोक दवाखान्यात आले नव्हते. दवाखाना त्यांच्या दारात गेला, म्हणून ते मोजले गेले.

आता शब्दांकडे येते, कारण पुरावा शब्दांचाच आहे. १९७५ मध्ये मॅगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेची प्रश्नावली तयार केली. रुग्णांच्या तोंडचे ७८ शब्द, २० गटांत लावलेले. ती मला दिली तेव्हा इंग्रजीत होती. मी तीस वर्षं इंग्रजीत व्हाउचर लिहितेय, पण त्या शब्दांपुढं मुकी झाले. कुठल्याही खुणेवर माझं दुखणं बसेना. घरी येऊन मी तो कागद ओट्यावर ठेवला आणि सासूबाईंना सहज विचारलं, "आई, तुम्हाला गुडघ्यात होतं त्याला काय म्हणाल?"

"ठणका," त्या म्हणाल्या. "रात्रीचा ठणका. सकाळी आखडलेला असतो, मग चालला की जरा मोकळा."

"माझा ठणका नाही."

"नाहीच. ठणक्याला जागा लागते."

त्या संध्याकाळी आम्ही लसूण सोलत बसलो आणि यादी वाढत गेली. कळ येते आणि जाते, सल राहतो. चमक निघते ती क्षणभराची, उसण भरते ती पाठीत. गळू ठुसठुसतं. हात वर धरून ठेवला की रग लागते. तापाच्या आधी कणकण येते, अंग मोडून येतं. फार राबलं की अंग आंबतं. आणि भाजलेल्या जागेवरची नवी कातडी, जिला नुसतं वस्त्र लागलं तरी सोसत नाही, ती हुळहुळते. मी थांबले. स्पर्शानं दुखू नये तिथं दुखणं, याला वैद्यकात एक भारदस्त ग्रीक नाव आहे. आमच्या घरात ते 'हुळहुळणं' होतं, आणि मी तीन वर्षांत एकदाही डॉक्टरांपुढं वापरलं नव्हतं. माझं दुखणं म्हणजे ताप नसताना कणकण, न राबता आंबणं आणि न भाजता हुळहुळणं. पुढच्या वेळी डॉक्टरांना हेच तीन शब्द सांगितले. त्यांनी ते मराठीतच लिहून घेतले.

सासूबाईंचा त्या संध्याकाळी पूर्ण विश्वास बसला असं नाही. पण भाड्याच्या घराचा विनोद त्यांनी नंतर केला नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २००७ मध्ये प्रीगॅबालिन, २००८ मध्ये ड्युलॉक्सेटिन आणि २००९ मध्ये मिलनासिप्रान यांना या आजारासाठी मान्यता मिळाली. युरोपच्या औषध नियामकांनी याच औषधांना ती नाकारली. पुरावा एकच, पण फायदा आणि त्रास यांची गोळाबेरीज दोघांनी वेगळी केली. मी ड्युलॉक्सेटिन घेते. ते मेंदूकडून खाली जाणारे वेदना दाबणारे निरोप बळकट करतं. ते नैराश्यावरचंही औषध आहे, हे पाकिटातल्या कागदावर वाचून नवऱ्यानं अनेक दिवस माझ्याशी फार जपून बोलणं ठेवलं. त्यानं मला थोडा आराम पडतो, पुष्कळ नाही. २०१७ मध्ये युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी सगळे उपाय तपासले, तेव्हा ठामपणे शिफारस करावी असा एकच उपाय त्यांना सापडला, तो म्हणजे व्यायाम. दुखणाऱ्या माणसाला व्यायाम सांगणं ही थट्टा वाटते. मलाही वाटली. मी उत्साहानं पहिल्या दिवशी घाटापर्यंत पाऊण तास चालले आणि पुढचे चार दिवस रजेवर गेले.

इथं या आजाराबरोबर संसार आणि नोकरी चालवण्याचा मुख्य प्रश्न येतो. बरं वाटतं तो दिवस सगळ्यात धोक्याचा असतो. त्या दिवशी आपण साचलेलं सगळं उरकतो, मग तीन दिवस आडवे पडतो, तीन दिवसांचं पुन्हा साचतं. घराचं कामकाज असंच आखलेलं असतं. दिवाळी हे त्याचं वार्षिक रूप. २०२२च्या दिवाळीत मी जाळ्या काढल्या, पितळ घासलं, चार रात्रींत चकली, करंजी, शंकरपाळी, चिवडा, लाडू केले. लक्ष्मीपूजनाला साडी नेसताना हात वर जाईना. पाडव्यापासून अकरा दिवस मी झोपून. त्या अकरा दिवसांनंतर बँकेत रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात एका खातेदाराला ५,४०० ऐवजी ४५,००० दिले. या आजारात डोक्यावर धुकं उतरतं. शब्द सापडत नाहीत, आकडे जागा बदलतात. खातेदार भला निघाला, संध्याकाळी पैसे घेऊन आला. पण दिवसअखेर कॅश लागत नव्हती तोवरचे दोन तास मी विसरणार नाही. साहेबांनी विचारलं, "मॅडम, तब्येत वगैरे ठीक आहे ना?" आणि मी म्हटलं, "हो, रिपोर्ट नॉर्मल आहेत."

त्यानंतर मी विल्बर्ट फोर्डाइस यांच्याबद्दल वाचलं. सिएटलमधले हे मानसशास्त्रज्ञ. १९७६ च्या त्यांच्या पुस्तकातली एक कल्पना साधी आहे. दुखेपर्यंत काम करायचं आणि दुखलं की थांबायचं, ही सवयच मोडायची. काम वेदनेवर नाही, घड्याळावर बांधायचं. एखादं काम आपल्याला किती वेळ झेपतं ते काही दिवस नोंदवायचं, त्याहून थोडा कमी वेळ ठरवायचा, आणि तेवढ्यावर थांबायचं. दुखत असलं तरी तेवढं करायचं. बरं वाटत असलं तरी त्यापुढं नाही. मग हळूहळू वाढवायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. दहा चपात्या लाटून झाल्या, पीठ पाचाचं उरलंय, तवा तापलाय, हात चालतोय, आणि थांबायचं! ओटा अर्धा पुसलेला सोडून जाणारी बाई मी आयुष्यात पाहिलेली नव्हती.

बँकेतली जुनी लेजर वही आणली. तीन रकाने आखले: काम, ठरलेला वेळ, झालेला वेळ. चालणं सात मिनिटांपासून. कणीक मळणं चार मिनिटं. उभ्यानं स्वयंपाक बारा, मग स्टुलावर. कॉम्प्युटरपुढं चाळीस मिनिटं, मग उठून स्टोअररूमपर्यंत फेरी. बँकेत मला कॅशऐवजी कर्जाचं टेबल आणि हातांची खुर्ची मागावी लागली. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत हा आजार नाही, त्यामुळं हक्क म्हणून मागायची सोय नव्हती. विनंती करावी लागली. टेबल मिळालं. बढतीच्या यादीतून त्या वर्षी नाव गेलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं कुणी म्हणालं नाही.

सहा महिन्यांत वहीतले आकडे सुधारले. चालणं बावीस मिनिटांवर आलं, आडवं पडण्याचे दिवस महिन्यात आठाचे तीन झाले. झोपेचंही थोडं सुधारलं. १९७५ मध्ये टोरांटोत हार्वी मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट स्वयंसेवकांची फक्त गाढ झोप आवाज करून मोडली, आणि काही रात्रींत त्यांचीही अंगं दुखू लागली. ते वाचल्यापासून रात्री सासूबाईंना बाथरूमला नेण्याचं काम नवऱ्यानं घेतलं. त्याला माझं दुखणं पटलं नव्हतं, टोरांटोचं पटलं. चालतं.

मी वहीवर खूश होते. मग २०२३ च्या गणपतीत एका रात्री वही उघडली तर चौथा रकाना आखलेला. पेन्सिलीनं, पट्टी न लावता. वर लिहिलं होतं: 'उरलेलं कोणी केलं?' आणि खाली सबंध पानभर माझ्या मुलीच्या नावाचं आद्याक्षर. चपात्या, ती. ओटा, ती. आजीचं डबा-पाणी, ती. दोन ठिकाणी 'बाबा', एका ठिकाणी 'कोणीच नाही'. अकरावीतली मुलगी. तिनं तोंडानं एक अक्षर काढलं नव्हतं.

फोर्डाइसच्या पद्धतीत हा रकाना नाही. थांबायचं म्हणजे काम कुठं जातं, हे तिथं कुणी विचारलेलं नाही. आपल्याकडे ते कुठं जातं याचं उत्तर सरकारी आकड्यांत आहे. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये, आमच्या पुराच्याच वर्षी, देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. ते करणारे पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटं कमी झाली, अंतर तेवढंच. बाई आजारी पडली की तिच्या पाच तासांतले तीन बाजूच्या रकान्यात जात नाहीत. ते खालच्या ओळीत, पुढच्या बाईकडे उतरतात. मी माझ्या आजाराचा समतोल साधत होते तो मुलीच्या अभ्यासाच्या वहीतून मिनिटं काढून.

मी ते पान नवऱ्यापुढं ठेवलं. तो म्हणाला, "मी मदत करतो की." मी म्हटलं, "मोज." माणूस हिशोबाचा आहे, मोजलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून क्रांती झाली असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. चपात्या गल्लीच्या टोकाच्या केंद्रातून यायला लागल्या, त्याला सासूबाईंचा आठ दिवस अबोला. सकाळचा चहा आणि डबे नवऱ्याकडे गेले. भाजीत मीठ कधी असतं, कधी नसतं. ओटा कधीकधी रात्रभर तसाच राहतो. पाहुणे आले की मी अजून उठते, हे वहीत लाल शाईनं आहे. चौथा रकाना आता मीच आखते, पट्टीनं.

दुखणं गेलं नाही. काही रुग्णांचं पुष्कळ कमी होतं, माझं झालेलं नाही. पण ते सांध्यांची झीज करत नाही, हातपाय वाकडे करत नाही, ही त्यातली खरोखर चांगली बाजू आहे, आणि सासूबाईंच्या बोटांकडे बघताना ती मला रोज दिसते. पुरुषांनाही हा आजार होतो. दाबून बघायच्या जागा निकषांतून गेल्यापासून त्यांची संख्या जास्त दिसू लागली आहे. आमच्या बँकेतल्या एका शिपायाचं वर्णन मला फार ओळखीचं वाटतं. त्याला मी तीन शब्दांची यादी दिली आहे.

गेल्या दिवाळीत यादी आधीच कापली. अनारसे रद्द, चकली बचत गटाची, साफसफाई नवरात्रापासून रोज एक कप्पा. करंज्या मात्र घरी, कारण मुलीचं बारावीचं वर्ष होतं आणि पुढच्या दिवाळीला ती कुठं असेल माहीत नव्हतं. तीन दिवस, रोज पंचवीस मिनिटं, ओट्यावर टायमर. त्या टायमरला सासूबाई 'तुझा शिट्टीवाला' म्हणायच्या आणि तो वाजला की तोंड फिरवायच्या. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसून पारी लाटली, सारण भरलं, कड मिटायला घेतली आणि तो वाजला. माझा हात चांगला चालत होता. परातीत सात-आठ पाऱ्या उरल्या होत्या. मी म्हटलं, एवढ्या करूनच उठते.

सासूबाईंनी वाकड्या बोटांनी माझ्या हातातली उघडी करंजी काढून घेतली आणि ओल्या फडक्याखाली ठेवली.

"वाजलं ना? ऊठ," त्या म्हणाल्या. आणि आत बघून नवऱ्याला हाक मारली.